चौकातला माझा फ्लेक्स

गेल्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या चौकात माझा फ्लेक्स लागलेला... तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याचा फोटो बघून अभिनंदन केलंत. तर त्याचं पुढे काय झालं, ते सांगायलाच हवं. अकाउंट आईचं आहे, लिहितेय मी, पूर्वा.

मी नववीत आहे. ठाण्याला, खोपटच्या डेपोपासून जवळच, एका संस्थेत हुशार मुलांसाठी अर्ध्या दिवसाचा प्रोग्रॅम असतो. सकाळी आपली नेहमीची शाळा आणि दुपारी तिथे गणित, सायन्स... पण आपल्या पुस्तकांच्या कितीतरी पुढचं. आमच्या गणिताच्या मॅडमनी मागे लागून अर्ज भरायला लावला, मी परीक्षा दिली आणि इंटरव्ह्यूचा कॉल आला. फक्त कॉल हं... निवड नाही.

मला तिथे जायचं होतं. इतकं जायचं होतं की रोज झोपताना मी तिथल्या बाकावर बसलेली असायचे.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "देऊन ये, मग बघू." आमच्याकडे 'मग बघू' म्हणजे नाही. मुलगी रोज दुपारी एकटी ठाण्याला जाणार, अंधार पडल्यावर परत येणार, हे त्यांच्या गळी उतरतच नव्हतं. बाबांचा धाकटा भाऊ, आमचा बाळूकाका, बाजूला चहा पीत बसलेला. त्याने सगळं ऐकलं होतं.

दोनच दिवसांनी शाळेत जाताना चौकात वर बघितलं आणि जागच्या जागी थिजले. रिक्षा स्टँडच्या वर हा एवढा मोठा फ्लेक्स! "आमच्या गावची कन्या, भावी शास्त्रज्ञ कु. पूर्वा हिची ठाणे येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुक म्हणून काकाचा फोटो, माझ्यापेक्षा मोठा, गळ्यातल्या चेनसकट. आणि माझा फोटो कुठला, तर ताईच्या हळदीतला... पिवळीधम्मक मी, डोळ्यांवर गॉगल आणि खांद्यावर कापायचा राहून गेलेला कुणाचा तरी हात.

मेले मी शरमेने. वर्गात सगळी पोरं 'शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ' करून चिडवत होती. मॅडमनी विचारलं, "अगं, रिझल्ट लागला? मला नाही सांगितलंस?" काय सांगणार, कप्पाळ?

घरी येऊन काकावर जाम ओरडले. "काढ तो, आत्ताच्या आत्ता!" तो नुसता हसला. "ऱ्हाऊ दे गो. आमची पोर तू... लावला तं काय झाला?"

इंटरव्ह्यूला बाईकवरून काकाच घेऊन गेला. आत तिघं जण होते आणि पहिले प्रश्न मस्त गेले, मला तर मजाच येत होती. मग मधले सर हसून म्हणाले, "मी पण डोंबिवलीचाच. चौकात फ्लेक्स आहे तो तुझाच ना? तुझी तर निवड झालीय की!"

ते चेष्टा करत होते, बाकी काही नाही. पण माझं तोंड लालेलाल झालं आणि मी म्हटलं, "नाही सर... ती दुसरी कुणीतरी असेल."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर काका माझा डबा मांडीवर घेऊन बसलेला.

त्यानंतर डोकंच बंद पडलं. सरांनी बोर्डावर एक साधी आकृती काढलेली, एरवी मी चुटकीसरशी सोडवली असती... आणि मी नुसती बघत उभी. परत येताना काकाने वाटेत बाईक थांबवून एवढंच विचारलं, "रस पितेस?"

रिझल्ट लागला, माझं नाव नव्हतं.

राग आईवर काढला. "काकामुळे गेलं सगळं!" म्हणून रडले. आई भाजी निवडत होती, ती हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "अगं, बाबा नाहीच म्हणणार होते तुला. फ्लेक्स लागला आणि अख्खा गाव येऊन त्यांचे हात हातात घ्यायला लागला... मग कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? आपल्याकडे एकदा चौकात लागलं की मागे फिरता येत नाही. काकाने मुद्दामच लावलेला तो."

मला अगदी कुठे तोंड लपवू असं झालं. फ्लेक्सची लाज वाटलेली, त्याच्या कितीतरी पट आता माझी वाटत होती. ती दुसरी कुणीतरी असेल म्हणे...

तशीच चौकात गेले. काका शिडीवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होता. खालून रिक्षावाले ओरडत होते, "काय बाळूशेठ, शास्त्रज्ञ नापास काय?" आणि तो त्यांच्याबरोबर हसत होता. मी जाऊन शिडी धरली.

तो खाली उतरल्यावर म्हटलं, "काका, त्या दिवशी आत मी जे बोलले ना..."

"ऐकला मी," तो म्हणाला आणि फ्लेक्सची गुंडाळी करायला लागला. "फेकायचा नाय हां ह्यो. नीट बघ, तारीख टाकलीय का कुठं?"

मी बघितलं. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरसुद्धा तारीख असते... यावर नव्हती.

"दहावीच्या पोरांना पन घेतात ना तिथं?" काका म्हणाला. "मंग! पुढच्या वर्षाला ह्योच लावू."

फ्लेक्स सध्या आमच्या माळ्यावर आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. काल बाबांनी आपणहून विचारलं, पुढचे अर्ज कधी निघतात म्हणून. निवड होईल, नाही होईल, मला माहीत नाही... पण या वेळी कुणी विचारलं तर मान वर करून सांगणार आहे. हो सर, ती गॉगलवाली मीच. आणि खाली तो चेनवाला आहे ना, तो माझा काका. बाहेरच बसलाय.