जिभेखालचे दाणे

डुक्कर विकत घेणारा आधी त्याची जीभ पाहतो. दोघं जण डुकराला आडवं पाडतात, तोंडात आडवी काठी घालतात, फडक्यानं जीभ बाहेर ओढतात आणि तिच्याखालून अंगठा फिरवतात. साबुदाण्यासारखे दाणे लागले की सौदा मोडला. दाणे म्हणजे मांसात किडा. लग्न होऊन आर्वीत आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. नंतर इतक्यांदा पाहिलं की घेणाऱ्याच्या तोंडावरूनच कळायचं.

आमची डुकरं सकाळी सुटली की व्यापाऱ्यांच्या घरांमागच्या गल्लीत जायची. त्या घरांच्या संडासांची भोकं तिकडंच उघडायची. ज्यांच्याकडं तेही नव्हतं, ते तिथंच टमरेल घेऊन बसायचे. मागची सगळी साफसफाई डुकरांनी करायची आणि पुढच्या दारी दिसली की दगड खायचे. मला त्या लोकांचा राग यायचा. अजूनही येतो.

एका वर्षी लागोपाठ सगळ्याच डुकरांत दाणे निघाले. नवरा म्हणाला, "या डुकरिणीचे पिल्लं तरी साफ निघाले पाह्यजे. नाई तं धंदा सोडतो." धंदा त्याच्या बापाचा होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरनं पोटातल्या जंतांचं औषध दिलं, खरजेसाठी सुई टोचली. दाण्यांचं विचारलं तर हसला.

"तो किडा माणसाच्या पोटातून येते. गल्लीत जाऊन खाल्लं की डुकराच्या मांसात बसते. बांधून ठेव डुकरं. अन् औषध गल्लीत बसणाऱ्याइले दे."

नवऱ्यानं बाभळीचे खांब रोवून आवार घातलं, बांबूची ताटी लावली. डुकरीण व्यायच्या आधी कोंड्यात कालवून तिला औषध चारलं. मी कोमट पाण्यानं तिची आचळं धुतली. खाली चुना टाकला, वर कोरडं तणस. हॉटेलातलं उरलंसुरलं पुन्हा शिजवूनच घालायचो. काळी तुळतुळीत पिल्लं दूध सोडून कोंड्यावर आली. नवरा ताटीपाशी बसून त्यांना बघत राहायचा. माझ्या बाळंतपणात तो माझ्याजवळ इतका बसला नव्हता.

इकडं गल्ली मात्र तुंबली. मागच्या घरातले किराणावाले शेठ नाकाला रुमाल लावून आमच्या दारात आले.

"काऊन बे, डुकरं बांधून ठेवले? गल्लीत पाय ठेवाले जागा नाई."

नवऱ्यानं सरकारी दवाखान्यातून माणसांच्या जंताच्या गोळ्या मागून आणल्या होत्या. त्यानं पुडी पुढं केली. "शेठ, पह्यले ह्या गोळ्या घरात सगळ्याइले द्या."

त्यात टोमणा नव्हता. डॉक्टरनं सांगितलं ते त्यानं भोळेपणानं केलं.

"डुकरंवाला आमाले जंताची गोळी देते!" शेठनं पुडी नालीत भिरकावली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही घरी परतलो तर ताटी उखडून पडलेली. डुकरीण पिल्लं घेऊन गल्लीत पोचली होती. पिल्लांची तोंडं बरबटलेली. नवरा त्यांना हाकलत होता आणि रडत होता. मागच्या दारात शेठाणी उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडं पाहून हसली. म्हणाली, "बरं झालं, सोडले."

आम्ही ताटी पुन्हा बांधली, पुन्हा औषध दिलं. पोटातले जंत पडले. काही महिन्यांनी घेणारा आला. त्यानं एकेका पिल्लाची जीभ ओढली, अंगठा फिरवला आणि तो आमच्याच पोत्याला पुसून निघून गेला.

नवऱ्यानं डुकराच्या तोंडात घालायची ती काठी उचलली. "गल्लीत घेऊन जातो. एकेकाचं तोंड उघडून पाह्यतो."

मी त्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि चुलीत घातली. धंदा सुटला. तो वीटभट्टीवर जाऊ लागला.

दिवाळीच्या आधी शेठचा नोकर दारात आला. "शेठ विचारून राह्यले, नवीन डुकरं कधी आणता?"

नवरा मान खाली घालून बसला होता. मीच म्हटलं, "शेठले सांगजो, खराटा घे म्हणा."