सगळी मेंढरं आमचीच

मोकाशे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांना शिव्या द्यायला गेले होते. माझ्या मालकांना जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. सुतकात बाहेर पडू नको म्हणून जावांनी हात धरला होता, तो सोडवून मी म्हसवडहून एस.टी. पकडली आणि पंचायत समितीच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. साहेब तिथे विस्तार अधिकारी होते. गरिबांची यादी करायची, ती तपासायची, तिच्यावर तालुक्यातली शेवटची सही करायची, हे काम त्यांच्याकडे होतं. शिपाई मला आत सोडेना.

मी म्हणाले, "यादीवर सही करणारा कोण हाय त्यो? मला त्याचं तोंड बघायचंय."

साहेब खुर्चीवरून उठून बाहेर आले. म्हणाले, "मीच तो. बसा, बाई."

"बसाया न्हाई आले मी."

"मग मी पण उभा राहतो," असं म्हणून ते खरोखर उभे राहिले. माझं सगळं बोलून होईपर्यंत तसेच होते. साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात पहिल्या भेटीचा प्रसंग आवर्जून लिहा, असं गौरव समितीच्या मंडळींनी मला कळवलं आहे. माझा प्रसंग हा आहे. दुसरा माझ्याकडे नाही.

आता ज्यांना आमची हकिकत माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमची वाडी मेंढपाळांची. म्हसवडकडच्या माळावर आमच्या भागात पाऊस बेताचा, म्हणून दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन खाली कराडकडे उतरतो. उंब्रजच्या आसपास बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, आम्हाला धान्य मिळतं. पावसाच्या तोंडावर परत यायचं. वाडीत तेव्हा सात घरं होती आणि सात घरांचा कळप एक होता. कुणाची मेंढी कोणती हे कानाच्या कापावरून कळतं, पण ते आम्हालाच. परक्या माणसासमोर आपली मेंढरं वेगळी सांगायची नाहीत अशी आमच्यात रीत आहे. "यातली एवढीच माझी" असं म्हणणं म्हणजे भावांना वेगळं काढल्यासारखं होतं.

दारिद्र्यरेषेचा सर्व्हे करायला मास्तर आले ते नेमके आम्ही निघायच्या दिवशी. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं होतं. मास्तर घाईत होते, आम्हीही घाईत होतो. मालक वाडीत थोरले, म्हणून पहिल्यांदा त्यांना विचारलं. "मेंढरं किती?"

मालकांनी हात फिरवून सगळा कळप दाखवला. "ही समदी आमचीच."

मास्तरांनी अंदाजाने आकडा लिहिला. मग पुढच्या घरी गेले. मालकांनी सांगितलं तेच दिरांनी सांगितलं, चुलत दिरांनी सांगितलं. एकच कळप सात घरांच्या नावावर सात वेळा लागला आणि आमची माळावरची वाडी कागदावर तालुक्यातली सगळ्यात श्रीमंत वाडी झाली. सातही घरं यादीतून गेली. त्यात आमची स्वतःची मेंढरं म्हणाल तर हातांच्या बोटांवर मोजावीत इतकी होती.

पुढे मालकांना धाप लागायला लागली. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप गेली आहे, ऑपरेशन सरकारी खर्चाने होईल, यादीत नाव असल्याचा दाखला आणा. मी दाखला आणायला गेले. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. शेवटी अर्जावर लाल शाईत दोन शब्दांचा शेरा मारून मिळाला. मला वाचता येत नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वाचून दाखवला, "पशुधन जास्त." मालक कॉटवर बसले होते, ते ऐकून हसले. तसे हसणारे ते होते. म्हणाले, "बघ हिरे, मी मोठा माणूस झालो."

उंब्रजच्या रानात तळ पडलेला असताना ते गेले; दिवसकार्याला आम्ही वाडीवर परतलो. शेवटच्या आठवड्यात एकच गोष्ट सारखी बोलत होते, "मी खोटं बोललो न्हाई. समदी आमचीच व्हती की न्हाई, सांग." मी व्हय म्हणत होते. पण वाडी व्हय म्हणत नव्हती. यादीतून नावं गेल्यावर रेशन गेलं, घरकुल गेलं, आणि मग माणसं घरात बोलायला लागली, "थोरल्यानं फुशारकी मारली आन् वाडी बुडवली." धाकटे दीर धोंडीभाऊजी तर मयताच्या दिवशी सरणाजवळ बोलले.

हे सगळं मी व्हरांड्यात उभं राहून सांगितलं. साहेबांनी मला आत नेलं, कपाटातून आमच्या वाडीचे सात फॉर्म काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सातही फॉर्मांवर एकच आकडा होता.

"हे मला दिसायला हवं होतं," ते म्हणाले. "मी एकेक बघून सही केली. शेजारी ठेवून पाहिले नाहीत."

मी म्हणाले, "आता दिसून काय करू मी त्याचं?"

उत्तर नसेल तेव्हा गप्प बसणारा सरकारी माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बाकी सगळ्यांकडे माझ्यासाठी उत्तर होतं.

मी त्यांच्याकडे एकच मागणी केली. मदत नको, पैसे नकोत. माझा माणूस खोटं बोलला नाही आणि वाडी त्याच्यामुळे बुडाली नाही, एवढं ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगा. साहेब म्हणाले, "सांगतो." पण सांगायला त्यांना दीड वर्ष लागलं. वरिष्ठांनी त्यांना बजावलं होतं की चूक कबूल केली की तालुक्यातून अर्जांची रांग लागेल, गप्प राहा. त्या दीड वर्षात मी वाडीच्या आडावर पाण्याला सगळ्यांच्या शेवटी जात होते. ते दीड वर्ष मी साहेबांच्या नावावर लिहून ठेवलं आहे. हा लेख गौरवाचा असला तरी ते खोडणार नाही.

दीड वर्षाने मात्र ते आले. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली होती. सरपंच म्हणाले, "साहेब, जुनं कशाला उकरताय? चहा घ्या." साहेबांनी कप खाली ठेवला आणि उभे राहिले. सात फॉर्म त्यांच्या हातात होते. ते एकेक वाचत गेले. नाव वेगळं, आकडा तोच. तिसऱ्या फॉर्मला लोक हसायला लागले, पाचव्याला हसणं थांबलं. शेवटी साहेब म्हणाले, "म्हाळूंनी खरं सांगितलं होतं. त्यांना प्रश्न चुकीचा विचारला गेला. आणि उत्तर न तपासता सही मी केली. या वाडीचं जे गेलं ते माझ्या सहीनं गेलं."

आमच्यात बाई मालकांचं नाव घेत नाही. त्या दिवशी पटांगणात ते नाव मी सगळ्यांसमोर मोठ्याने ऐकलं. धोंडीभाऊजी मागे बसले होते. ते उठले, टोपी काढली, आणि म्हणाले, "साहेब, थोरल्याला आमी लय बोललो वो." एवढंच बोलून परत बसले. दुसऱ्या दिवशी आडावर माझी घागर कुणीतरी पुढे सरकवली.

त्या भाषणाची किंमत साहेबांनी मोजली. नोटीस आली, चौकशी लागली, बढती थांबली, निवृत्तीनंतर पेन्शन सुरू व्हायला फार काळ गेला. आमचं काय झालं म्हणाल तर यादी बदलली नाही. पुढचा सर्व्हे होईपर्यंत यादीला हात लावता येत नाही असा नियम होता. चूक झाली हे सरकारला मान्य होतं, पण दुरुस्तीची तारीख अजून आली नव्हती. ती येईपर्यंत आणखी किती वर्षं आम्ही श्रीमंत राहिलो ते लिहीत नाही.

साहेबांनी त्यानंतर कामाची पद्धत बदलली, ती इथल्या तरुण अधिकाऱ्यांनी शिकावी म्हणून लिहिते. यादी ते खालून वाचायला लागले. वरची नावं सरपंचाच्या ओळखीची असतात, ती कुणीही वाचतं, असं ते म्हणायचे. दिवाळीनंतर मेंढपाळांची घरं बंद दिसली की "स्थलांतरित" असं लिहून मोकळे न होता ते स्वतः तळावर यायचे. इस्लामपूर त्यांचं गाव. सुट्टीला घरी जाताना वाकडी वाट करून उंब्रजच्या रानात उतरायचे, चपला हातात घेऊन चिखलातून. आणि पुरुषांना विचारायचे नाहीत. बायकांना विचारायचे, "बाई, आज दूध कुठल्या मेंढ्यांचं काढलंत?" मग बाई आपोआप आपल्याच मेंढ्या दाखवायची. मोजणी झाली हे तिला कळायचंही नाही, आणि भावाभावांत फूटही पडायची नाही.

मी दुसरी शिकलेली. तेही विसरलेले. मालकांच्या अर्जावरचा तो लाल शेरा मला स्वतःला वाचायचा होता, म्हणून मी अक्षरं पुन्हा गिरवली. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी ऑफिसातले जुने शासन निर्णय आणून दिले. माझी पहिली पुस्तकं ती. कठीण भाषा. एकदा मी म्हणाले, "साहेब, ह्यात चार ओळी झाल्या तरी वाक्य संपत न्हाई." साहेब म्हणाले, "जिथं वाक्य संपत नाही तिथं थांबून बघा, बाई. तिथंच तुमचा पैसा अडकलेला असतो." पुढे म्हसवडच्या वाचनालयात त्यांनी माझं नाव घातलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला सांगलीला नेऊन चष्मा करून दिला. दुकानात माझ्यासमोर आरसा धरून त्या म्हणाल्या, "आता मास्तरीण दिसताय." नवरा गेल्यावर मी आरशात पाहिलं नव्हतं. मी नंतर कथा वाचल्या, इतिहास वाचला, शेतीवरची पुस्तकं वाचली. पण अजूनही कुठलाही सरकारी कागद दिसला की आधी त्याच्या तळाची सही वाचते.

साहेब हरलेही आहेत, आणि ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. एका वर्षी मेंढपाळांसाठी म्हणून निधी आला होता. मार्च संपत आलेला. साहेबांनी तळावर येऊन बायकांना विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, वाटेवर तीन ठिकाणी मेंढरांना पाणी प्यायला हौद बांधा आणि तळावर जनावरांचा डॉक्टर पाठवा. साहेबांनी तसा प्रस्ताव केला. वरून उत्तर आलं, फिरत्या लोकांसाठी फिरता खर्च दाखवता येत नाही, महिन्याअखेर संपेल असं बांधकाम सुचवा. मग वाडीत सभामंडप झाला. समोर कोनशिला, तिच्यावर पुढाऱ्यांची नावं. वर्षातले आठ महिने वाडीत माणूस नसतो, तिथे सभामंडप. आज त्यात कडबा ठेवतात. कागदोपत्री ते पैसे आमच्यावर खर्च झालेले आहेत आणि आमच्यातली तेवढी गरिबी हटलेली आहे.

मी साहेबांना विचारलं होतं, "तुमी सही का केली त्याच्यावर?" ते म्हणाले, "केली नसती तर पैसा परत गेला असता, आणि पुढच्या वर्षी म्हणाले असते, यांना गरज नाही." मी म्हणाले, "मग जाऊ द्यायचा व्हता." साहेब म्हणाले, "असेल. मला त्या दिवशी कळलं नाही." ते आजही त्या सभामंडपाच्या पायरीवर बसत नाहीत. वाडीत आले की माझ्या दारातल्या दगडावर बसतात.

समितीच्या एका सभासदांनी मला फोन करून सांगितलं की कडू काही लिहू नका, साहेबांना वाईट वाटेल. मी साहेबांनाच विचारलं. ते म्हणाले, "गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही ग्रामसभेसारखं लिहा."

म्हणून लिहिते. मी साहेबांना माफ केलेलं नाही. त्यांनी कधी माफी मागितली नाही, हा त्यांचा मोठेपणा. मालकांच्या वर्षश्राद्धाला ते दरसाल येतात, पंगतीत सगळ्यात शेवटी बसतात, पान संपवून निघून जातात. त्यांच्याइतका चांगला अधिकारी मला माहीत नाही, आणि त्यांच्याच सहीने माझं घर मोडलं. ह्या दोन गोष्टी मी वीस वर्षांहून जास्त काळ एकाच घरात ठेवल्या आहेत. चांगला माणूस खुर्चीत असून असं होत असेल, तर तिथे नुसता माणूस बसलेला असतो तेव्हा काय होत असेल, याचा विचार हा ग्रंथ वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनी करावा.

आता घरांचा नवा सर्व्हे सुरू आहे, मोबाइलवर. परवा एक तरुण साहेब वाडीत आले होते. घरासमोर माणूस उभा करून फोटो काढायचा आणि प्रश्न विचारायचे. माझ्या पुतण्याला त्यांनी विचारलं, "मेंढरं किती?" पुतण्याने हात उचलला. त्याच्या चुलत्याने उचलला होता अगदी तसाच. मोकाशे साहेब माझ्या दारात बसले होते. गुडघे धरून उठले, काठी टेकत मधे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा. त्याला नको, सूनबाईंना विचारा." त्या तरुणाने विचारलं, "आपण कोण?" साहेब म्हणाले, "मागच्या वेळी सही केलेला."

साहेबांना पंचाहत्तरावं लागलं. देवाने त्यांना भरपूर आयुष्य द्यावं, माझ्या मालकांचं राहिलेलंही त्यांनाच द्यावं. डोळे चांगले राहोत, गुडघे चालते राहोत, वहिनींची सोबत राहो. शाल घ्या, नारळ घ्या, पण सत्कार झाला म्हणून घरी बसू नका, साहेब. दिवाळी झाली की आम्ही उतरतोय. तळ उंब्रजलाच पडेल, म्हाळू गेले त्या रानात. तुमची वाट बघते.

– हिराबाई