चार तासांचं काम

करी रोडच्या नाक्यावर आमचं गॅरेज होतं. मी तिथं पत्र्याचं काम करायचो. जयवंत मेस्त्री इंजिनाचा माणूस. कणकवलीकडचा, बुटका, कमी बोलणारा. गाडी आली की तो आधी बॉनेट उघडत नसे. मालकाला विचारायचा, "कधी करते? गार असताना की तापल्यावर?" अर्धं निदान तिथंच व्हायचं.

लालबागला माझ्याच चाळीत त्याचं एका खोलीचं बिऱ्हाड होतं. तो, बायको शेवंती आणि शेवंतीचा धाकटा भाऊ दत्ताराम. आई लहानपणीच गेली, तेव्हा शेवंतीनंच दत्तारामला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तो बावीस वर्षांचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा त्यानं चुकवली नाही. घरी येऊन सगळी भाषणं हातवारे करून म्हणून दाखवायचा. शेवंती हसायची, जयवंत विडी ओढत ऐकायचा.

छप्पन सालच्या संक्रांतीच्या आधी डॉक्टर शरच्चंद्र प्रधान आमच्याकडे गाडी घेऊन आले. ते राहायला प्रभादेवीला, दवाखाना लालबागला. गाडी अमेरिकन, कुणा गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना विकलेली. तिला क्लचचं पेडल नव्हतं. गिअर आपोआप पडायचे. मुंबईत तशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या दुरुस्त करणारा तर कुणीच नाही.

"थांबलो की बंद पडते," डॉक्टर म्हणाले. "पण सकाळी नाही. दोन-तीन व्हिजिटा झाल्यावर. दोन गॅरेजांनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. फरक नाही."

जयवंतनं मला शेजारी बसवलं आणि गाडी शिवडीच्या गोदामांकडे काढली. चांगली तापवली, वेगात नेली आणि हळूहळू थांबवली. इंजिन बंद पडलं.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "पेट्रोल कमी पडलं तर इंजिन खोकून मरतं. हे खोकलं नाय. कुणी नरडं दाबावं तसं बसलं."

दुसऱ्या वेळी थांबायच्या आधी त्यानं गिअरचा दांडा न्यूट्रलला टाकला. इंजिन आरामात चालू राहिलं. म्हणजे इंजिनात दोष नव्हता, दोष त्याच्या मागे होता.

परतल्यावर त्यानं डॉक्टरांना आणि मला समजावून सांगितलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलानं भरलेला एक वाटोळा डबा असतो. त्यात समोरासमोर पंखे. एक पंखा तेल फिरवतो, ते तेल दुसऱ्याला फिरवतं. गाडीनं वेग घेतला की आतली एक क्लचप्लेट तेलाच्या दाबानं चिकटते आणि इंजिन गिअरबॉक्सला सरळ जोडलं जातं. वेग उतरला की ती सुटायला हवी. ह्या गाडीत ती सुटत नव्हती. गाडी थांबताना इंजिनालाही धरून थांबवत होती.

त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून वास घेतला. तेल करपलेलं होतं. बोटांवर चोळलं तर बारीक काळी कचकच लागली.

"दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. हा कचरा त्यात बसलाय. तापल्यावर तो अडकतो, गार झाला की मोकळा होतो."

"मग उघड ना," डॉक्टर म्हणाले.

जयवंतनं हात पुसले. पुसतच राहिला. "दोन दिवस जातील साहेब. पॅकिंगपण शोधायला पायजे. आत्ता तेल बदलतो, इंजिनाची चाल जरा वाढवून देतो. थांबायच्या आधी न्यूट्रल करत जा. पुढच्या सोमवारी आणा, उघडतो."

डॉक्टर मान हलवून गाडी घेऊन गेले.

पण तो सोमवार आला तो वेगळाच. संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे जाणार. लोक चाळींतून रस्त्यावर उतरले. गिरण्या थंडावल्या, गॅरेजला कुलूप लागलं. दोन दिवसांनी भर दुपारी लालबागच्या एका गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाला. दत्ताराम पुढच्या रांगेत होता. गोळी मांडीत शिरली.

लोकांनी त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तो प्रधान डॉक्टरांचा. हा जयवंतचा मेव्हणा, हे डॉक्टरांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी मांडी आवळून बांधली, त्याला मागच्या सीटवर निजवलं आणि परळच्या इस्पितळाकडे गाडी पिटाळली. सकाळपासून ते जखमींनाच पोचवत होते, गाडी तापून लाल झाली होती. वाटेत रस्त्यावर पिंपं आणि दगड रचलेले. डॉक्टरांनी एकदम ब्रेक दाबला. न्यूट्रल करायचं राहिलं. इंजिन बंद पडलं.

न्यूट्रलमध्ये ते पुन्हा चालू व्हायचं. गिअर टाकला की बसायचं. चार वेळा, पाच वेळा. शेवटी माणसांनी पिंपं बाजूला ढकलली आणि ती अवजड गाडी हातांनी रेटत इस्पितळापर्यंत नेली.

चाळीत निरोप आला तेव्हा मी जयवंतबरोबर धावलो. इस्पितळाच्या आवारात गाडी उभी होती. डॉक्टर पायरीवर बसले होते, शर्टाच्या बाह्या रक्तानं कडक झालेल्या. जयवंतला पाहून ते उठले.

"तुझा कोण?"

"मेव्हणा."

डॉक्टर पुन्हा पायरीवर बसले. मग म्हणाले, "पोचलो तेव्हा संपलं होतं." आणि मग, आपण काय बोलतोय हे जणू न कळून, "गाडी आता चालते आहे. गार झाली ना."

"वाटेत बंद पडली नसती तर?" जयवंतनं विचारलं.

"मोठी शीर तुटली होती, जयवंत," डॉक्टर म्हणाले. "मला सांगता येत नाही."

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी जयवंतनं डॉक्टरांकडून ती गाडी मागून आणली. गिअरबॉक्सखालचं तेलाचं तबक सोडलं, व्हॉल्व्हचा ठोकळा काढून स्वच्छ फडक्यावर ठेवला. एका व्हॉल्व्हवर पातळसा ओरखडा होता, त्यात नखाच्या कडेएवढी धातूची कपची रुतलेली. त्यानं ती काढली, ओरखडा तेलदगडावर घासला, सगळं धुऊन पुन्हा बसवलं. जुनं पॅकिंगच चाललं. गाडी तापवून दहा वेळा थांबवली. एकदाही बंद पडली नाही.

मी सहज घड्याळाकडे पाहिलं. सकाळी नऊला त्यानं हात घातला होता. आता एक वाजला होता.

"चार तास," जयवंत म्हणाला. "दोन दिवस कशाला सांगितलं, माहीत आहे? मी घाबरलो होतो रे. असला गिअरबॉक्स कधी उघडला नव्हता. परत जोडता आला नसता तर डॉक्टरांसमोर तोंड काळं झालं असतं. पॅकिंगचं मी उगाच सांगितलं."

मी त्याला म्हटलं, हे घरी बोलू नकोस. त्यानं ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी शेवंतीला समोर बसवून सगळं सांगितलं, घाबरल्याचंसुद्धा.

शेवंतीनं एवढंच विचारलं, "तुमका ठावक होता, गाडी बंद पडतली म्हणान?"

"होता."

दुसऱ्या दिवशी ती गावी वडिलांकडे निघून गेली.

जयवंतनं पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मे महिन्यात तो स्वतः गेला. सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणत, ओटीवर जाळं विणत होते. त्यानं त्यांनाही पहिल्यापासून सगळं सांगितलं. अप्पांचे हात थांबले नाहीत.

"माझ्या झिलाक, दत्तारामाक, तू मारलंस असा मी म्हणूचंय नाय," ते म्हणाले. "पण तुका बरा वाटाक व्हया म्हणान कायव बोलूचंय नाय. जेवन जा."

तो जेवला. शेवंतीनं वाढलं, पण बोलली नाही. जयवंत एकटाच परतला.

ती आली दिवाळीनंतर, बोटीनं, कुणालाही न कळवता. भाऊच्या धक्क्यावरून ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन थेट चाळीत. मी एकदा धीर करून विचारलं, "वहिनी, परत कशा आलात?" ती म्हणाली, "तिथं बापूस गप, इथं हे गप. इथं निदान चूल माझी आहे."

पुढं मुंबईत तशा गाड्या वाढल्या आणि त्या सगळ्या जयवंतकडे येऊ लागल्या. थांबताना बंद पडणाऱ्या, वेगात थरथरणाऱ्या, आतली क्लचप्लेट न चिकटल्यानं तेल करपवणाऱ्या. तो त्याच दिवशी उघडायचा. मालक घाईत असला तर म्हणायचा, "मग टॅक्सीनं जा साहेब, ही ठेवून जा." लोक त्याला हट्टी म्हणत.

साठ सालच्या एक मेला चाळीत पताका लागल्या, पेढे वाटले. पोरं गुलाल खेळत होती. जयवंत गॅलरीत उभा होता. शेजारणीनं शेवंतीच्या हातात पेढा दिला. तिनं अर्धा तोडून जयवंतपुढं धरला. त्यानं घेतला, पण तोंडात घालवेना. तो तसाच मुठीत धरून खाली बघत राहिला. शेवंती त्याच्याजवळ उभी राहिली, खालचा गुलाल संपेपर्यंत.