मायच्या नावाची साइज

"हाई नाव इतलं मोठं कसं काय व्हयनं?"

आबांनी स्क्रीनवर नख टेकवलं. टेकवलं कसलं, टोचलं. नखाखाली नाव होतं सोनीबाईचं. सोनीबाई म्हणजे माझी माय, आमच्या गावची सरपंच. आणि ते नाव टाइप करून खुर्चीत बसलेली मी.

धुळ्यातलं फ्लेक्सचं दुकान. बाकड्यावर गिऱ्हाईकं चहा पीत होती. ती सगळी हसली. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, तेही हसले. म्हणाले, "काही नाही आबा, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. करते ही बरोबर." मग माझ्याकडे वळून, "ए पाडा, कर ते बारीक."

पाडा हे माझं दुकानातलं नाव. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. आदिवासींची वस्ती, म्हणून मी पाडा. मला बापानं ठेवलेलं नाव आहे, पण ते या दुकानात कुणी कधी घेतलं नाही. बाकीच्यांना काचेच्या ग्लासात चहा, मला कागदी कपात. का, ते मी विचारलं नव्हतं. काम शिकायचं होतं. मूग गिळून बसायची सवय आम्हाला पाळण्यातच लागते.

फ्लेक्सच्या धंद्यात कुणी कोऱ्या फाइलवर काम करत नाही. गेल्या कार्यक्रमाची फाइल उघडायची, फोटो बदलायचे, जुन्या नावांवर नवी नावं टाइप करायची. आबांच्या, म्हणजे आमच्याच गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. मी त्याच गावची जुनी फाइल उघडली. वर मोठ्या पुढाऱ्याचं नाव. खाली एका बाजूला 'अध्यक्षस्थान', मायच्या आधी राखीव जागेवर आलेल्या सरपंचाचं. दुसऱ्या बाजूला 'प्रमुख उपस्थिती', आबांचं. आबा आधी सरपंच होते. जागा राखीव झाली तेव्हापासून ते नुसते आबा आहेत, पण ग्रामपंचायतीची चावी त्यांच्याच खिशात.

सकाळी मायचं नाव टाइप करायला घेतलं. आबांच्या कापसात वाकून वाकून जिची कंबर गेली, ती बाई फ्लेक्सवर. टाइप केलं. नाव आलं ते एवढंसं.

साइजचा आकडा बघितला. नव्वद. आबांच्या नावाचा आकडा बघितला. तोही नव्वद. मग आबांचं नाव डोळ्यात भरतं आणि मायचं शोधावं का लागतं? मला वाटलं, माझंच काही चुकलं. आपलंच चुकलं असणार, हे मनात आधी येतं. पुसून पुन्हा टाइप केलं. तेवढंच. फॉन्ट बदलला. तेवढंच. फाइलचं रिझोल्युशन तपासलं, कारण ते कमीजास्त असलं की तोच आकडा असूनही अक्षर कधी मुंगीएवढं दिसतं तर कधी हत्तीएवढं. पण दोन्ही नावं एकाच फाइलमध्ये, तिथं फरक कसा पडेल? आकडे पॉइंटमध्ये आहेत की पिक्सेलमध्ये, तेही बघितलं. सगळं ठीक.

शेवटी अक्षरांची सेटिंग पूर्ण उघडली. तिथं साइजच्या खाली दोन छोटे चौकोन असतात, अक्षराची उंची आणि रुंदी किती टक्के ठेवायची त्याचे. कुणी फारसं तिकडे बघत नाही. आबांच्या नावाला शंभर, शंभर. पुढाऱ्याच्या नावाला शंभर, शंभर. सरपंचाच्या जागेवर पंचेचाळीस, पंचेचाळीस.

मी दोन्हीकडे शंभर टाकलं. मायचं नाव आबांच्या नावाच्या बरोबरीला येऊन उभं राहिलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. कुठल्या तरी जुन्या चुकीचा पत्ता लागला म्हणून.

चूक नव्हती ती. आबांनी नख टोचल्यावर भाऊ माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "ते पंचेचाळीस परत टाक. मीच बसवलंय ते. उद्या कुणी भांडायला आलं तर आकडा दाखवता येतो. नव्वद आणि नव्वद. सगळ्यांना सारखाच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आकडा सारखा, माणूस अर्ध्याहून कमी. आम्हाला असंच तर बसवलंय. कागदावर सरपंच. ग्रामपंचायतीत खुर्ची आहे, तिच्यावर आबा बसतात आणि माय भिंतीला टेकून खाली. रजिस्टरला बघा, सगळं बरोबर.

"मी टाकणार नाही," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

आबांनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं. "तू सोनीनी पोर शेस ना? मंग तुले त समजाले पायजे. तिले कोठे वाचता येस? तिले काय फरक पडस?"

आणि त्यांनी मायलाच फोन लावला. स्पीकरवर. सगळ्यांच्या देखत. "सोनी, तुनी पोर आठे हट्ट करी ऱ्हायनी. सांग तिले."

माय शेतात असावी, वारा ऐकू येत होता. ती म्हणाली, "बेटा, आबा सांगतस तसं कर. नाव धाकलं ऱ्हायनं तरी चाली."

धाकलं म्हणजे लहान. बाकड्यावरचा एक जण फिसकन हसला.

"माय, तुले काय वाटस?" मी विचारलं.

वारा तेवढा वाजत राहिला. आबांनी फोन बंद केला आणि म्हणाले, "व्हयनं?"

मायनंच सांगितलं, आता कशाच्या जोरावर भांडू? तरी हात माउसकडे गेला नाही. नाहीच गेला. मी खुर्चीवरून उठले. "तुम्ही टाका," भाऊंना म्हणाले. भाऊंनी शिवी दिली, बसले आणि पंचेचाळीस टाकलं. मायचं नाव माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा बसलं खाली. मी माझी पर्स घेतली. त्या दुकानात परत गेले नाही.

फ्लेक्स छापला गेला. टाकीपाशी लागला. उद्घाटनाला मी गावी गेले. माय नवं लुगडं नेसून फ्लेक्सखाली उभी होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं बोट वर केलं, सरळ आबांच्या नावावर, ते आपलंच समजून. "हाई मनं शे ना?"

मी मान हलवली. नाही.

"मंग मनं नाव कोनतं शे?"

मी दाखवलं. ती जवळ गेली, मान वर करून बघत राहिली. माईकवर कुणीतरी आबांचे आभार मानत होतं. मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यात पाणी नव्हतं तिच्या, राग होता. तसा राग मी तिच्या तोंडावर आधी कधी बघितला नव्हता.

"धाकलं म्हंजे इतलं धाकलं?"



आता मी पिंपळनेरला एका खोलीत जुना कॉम्प्युटर टाकून डिझाइन करते. येईल त्या फाइलचे ते दोन चौकोन आधी उघडते. आमच्या ग्रामसभेचा फ्लेक्स मी करायला घेतलाय, मायनं सांगितलंय म्हणून. तिचं नाव नव्वद, उंची शंभर, रुंदी शंभर. आबा येतील, नख टोचतील, हे नाव मोठं कसं झालं म्हणून विचारतील. फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, असं मी म्हणणार नाही. मी केलंय, म्हणणार आहे.