अधिक श्रावणाचं अपील

वकिली सुरू करून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात हायकोर्टात मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. सीनिअरांच्या मागे पुस्तकं सांभाळत बसायचं आणि मुलुंडला घरी आल्यावर आपण किती महत्त्वाचं काम करतो ते बायकोला ऐकवायचं, एवढीच माझी वकिली. तोंड उघडायची पहिली वेळ आली ती अनारशांमुळे. हे मी अजूनही चारचौघांत सांगत नाही.

अपील भांडुपच्या एका माणसाचं होतं. थोरल्या भावाच्या डोक्यात मुसळ घातलं म्हणून त्याला जन्मठेप झाली होती. घातलं हे त्याने कधी नाकारलं नाही. आमचं म्हणणं इतकंच होतं, की हा ठरवून केलेला खून नाही, भांडणाच्या भरात घडलेला मनुष्यवध आहे, तेव्हा शिक्षा कमी करा. त्यांची आई सत्तरीच्या पुढची. एक मुलगा गेला, निदान दुसरा सुटून येईपर्यंत आपण असू का, हे ती मला दर भेटीत विचारायची. मी कायद्याची कलमं सांगायचो. दुसरं मला येत काय होतं?

वडील गेल्यावर भावांनी घराची वाटणी केली, तेव्हा आईचीही करून टाकली. घराच्या मधोमध भिंत घातली आणि आई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. चैत्र थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, असं फाल्गुनापर्यंत. बारा महिने आणि दोन भाऊ, भागाकार बिनचूक. दोन वर्षं बरं चाललं. तिसऱ्या वर्षी अधिक श्रावण आला आणि महिने झाले तेरा. वाटणी करताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आणि म्हणे पाच पंच बसले होते.

आषाढ धाकट्याचा होता. थोरला म्हणाला, श्रावण माझा, तेव्हा नावाने श्रावण असलेले दोन्ही महिने माझे. धाकटा म्हणाला, तुझा तो निज श्रावण. तो लागेपर्यंत आई आहे तिथेच राहील. मी हा मुद्दा इतक्या वर्षांत कितीदा घोळवला असेल, पण खरं कोणाचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अधिकात केलेल्या सेवेचं पुण्य कितीतरी पटींनी मिळतं, त्यामुळे कोणीच माघार घेईना. प्रतिपदेला सकाळी थोरला आईची वळकटी न्यायला आला. धाकट्याने तिचं दुसरं टोक धरलं. धाकट्याची बायको तिथेच तांदूळ कुटत होती, कारण सासूला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं होतं. तिच्या हातातलं मुसळ नवऱ्याने ओढून घेतलं आणि होत्याचं नव्हतं झालं.

खालच्या कोर्टाला यातलं काहीच पटलं नव्हतं. आई नकोशी झाली होती, ती गळ्यात पडू नये म्हणून धाकट्याने मुसळ तयार ठेवलं, असं निकालात लिहिलेलं. आईला ठेवून घ्यायला कोणी जीव घेतो यावर जज्जसाहेबांचा विश्वास बसेना. खात्री करावी म्हणून मी म्हातारीलाच विचारलं, की दोघांना तुम्ही खरोखर हव्या होत्या ना?

ती म्हणाली, "झिला, मग फाल्गुनात खंय होते?"

फाल्गुनात दोघे कुठे होते, तर कळलं ते असं, की तिचा खोकला वाढला होता आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दार लोटलेलं असायचं. हे मी सीनिअरांना सांगितलं. ते म्हणाले, पुरावा संपलाय, आता नसते प्रश्न विचारू नकोस. मी ऐकलं. मला ते अजून टोचतं.

सुनावणीला म्हातारीला थोरल्याची विधवा घेऊन आली. तो महिना तिच्याकडचा होता ना. नवऱ्याला मारणाऱ्याची शिक्षा कमी व्हावी म्हणून सासूला हाताला धरून कोर्टात आणायचं तिच्या पाळीत आलं, आणि तिने पाळी चुकवली नाही.

दोन न्यायमूर्तींपैकी एकांनी विचारलं की हे तांदूळ कुटणं म्हणजे नेमकं काय. सीनिअरांनी आयुष्यात स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं. त्यांनी माझा कोट ओढला. नशीब, बायकोला मी सकाळीच विचारून ठेवलं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे, त्यात गूळ घालायचा, असं सगळं मी इंग्रजीत सांगितलं. खसखस एका बाजूला की दोन्ही बाजूंना, असंही त्यांनी विचारलं आणि लिहून घेतलं. तेवढ्यात सरकारी वकील उठले. तांदूळ तीन दिवस आधी भिजवले, म्हणजे आईला सोडायचं नाही हे तीन दिवस आधी ठरलं होतं, म्हणजे पूर्वनियोजन सिद्ध झालं, असं ते म्हणाले. अनारशांनी मी अशिलाची वाट लावली होती.

पण दुसरे न्यायमूर्ती, जे इतका वेळ डोळे मिटून होते, त्यांनी विचारलं, की निकालात तर आई नकोशी झाली होती असं लिहिलंय, मग नकोशा झालेल्या आईसाठी कोणी रोज पाणी बदलतं का? सरकारी वकील खाली बसले. उत्तर सुचायला त्यांना फाल्गुन माहीत असायला हवा होता.

जन्मठेप गेली, सात वर्षं राहिली. मी धावतच बाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर आलो. पहिलंच अपील आणि जिंकलेलं, म्हातारी आता पाठीवरून हात फिरवणार अशी माझी खात्री होती. मी तिला सांगितलं, सात वर्षांनी मुलगा घरी येईल.

"सात वर्सां?" ती म्हणाली. "म्हणजे तवसर माका जगूक व्हया."

मग ती माझ्याकडे पाठ करून थोरल्या सुनेकडे वळली. "गो, जगवशीत माका?"

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. सुनेने सासूचा दंड धरला.

"आदी पायऱ्यो उतरा," ती म्हणाली.