बोलणं अठरा, पण तोंड माझं!

शनिवारच्या खेळाचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की फोनवर बहिणीला एक सांगायला घेतला तर भाजी करपते. आणि सगळ्या किश्शांत जिंकते कोण? केतकी! मला राग येणार नाही तर काय होणार?

केतकी माझी भावजय. इथे परदेशात, नोव्हेना भागातल्या दवाखान्यात डॉक्टर आहे, दिवसभर गोड बोलून लोकांना सुया टोचते. मनोज माझा धाकटा भाऊ, आयटीत. त्याला लहानाचा मोठा मी केला. माझी शाळा चौथीत सुटली ती त्याच्याचपायी. आता त्याची पोरगी सांभाळायला मी त्यांच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटवर राहते.

खेळ असा. मनोज गोष्ट सांगतो, आपण त्यातलं एकेक माणूस व्हायचं. ताकद, अक्कल, गोड बोलणं, सगळ्याला आकडे. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मी राजकन्या मधुवंती, बोलणं अठरा! गुणांत त्याच्यावर आकडाच नाही. केतकी घुम्या नावाचा राक्षस. बोलणं तीन.

मला एवढंच हवं होतं, की मनोजने एकदा तरी "वा ताई!" म्हणावं.

*

पहिल्याच शनिवारी किल्ल्याच्या दारावर पहारेकरी. मनोज म्हणाला, "बोल ताई, काय म्हणतेस त्याला?"

मी म्हटलं, "दार उघड, मुडद्या!"

पहारेकऱ्याने कडी लावली.

"अरे, माझं बोलणं अठरा आहे ना?"

"आहे गं. पण तू बोललीस काय!"

मग केतकीचा घुम्या पुढे झाला. बोलणं तीन! "दादा, उभं राहून पाय दुखले असतील ना? बसा जरा, मी बघतो दाराकडे." दार उघडलं. फासासुद्धा टाकायला लावला नाही.

"वा केतकी!" मनोज म्हणाला.

*

तिसरा गडी मनोजचा दोस्त समीर. इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो; तिचा सरकता जिना बंद असला की हा पुढच्या स्टेशनला उतरतो. आणि खेळात हा पैलवान! वाटेत मोठी शिळा आली, त्याने फासा टाकला, शिळा बाजूला.

मी म्हटलं, "थांब. समीर, आधी ही तांदळाची गोणी उचलून दाखव."

"ताई, मी कशाला? माझा पैलवान उचलतो ना!"

"मग माझी मधुवंती बोलत का नाही? ह्याची ताकद फाशाने आणि माझा गोडवा तोंडाने? हा कुठला न्याय?"

मनोज चष्मा पुसत बसला. समीर म्हणाला, "पॉइंट आहे." केतकी म्हणाली, "वन्सं, लाडू घ्या."

एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, चिमटा आलाय.

*

एकदा भुताने कोडं घातलं. केतकीला लगेच सुटलं. मी ओरडले, "घुम्याला अक्कल चार! त्याला कसं सुटेल?"

मनोजला पटलं. मला वाटलं, सापडली!

केतकीने दोन मिनिटं मान खाली घातली. मग घुम्याच्या जाड्या आवाजात म्हणाली, "घुम्याला कोडं नाही कळत. पण घुम्याची आई मरताना म्हणाली होती... सावली... सावलीला जप..."

उत्तर सावलीच होतं. मनोजचे डोळे भरून आले. "वा केतकी!"

हिची आई पुण्यात ठणठणीत आहे. रोज सकाळी टेकडी चढते!

*

मग मीही ठरवलं, गोड बोलायची प्रॅक्टिस करायची. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, चहावाल्या अंकलला रोज "वन टी, फास्ट!" म्हणते. त्या दिवशी मान तिरकी करून म्हटलं, "गुड मॉर्निंग अंकल, प्लीज, वन नाइस टी?"

अंकलने गाळणं खाली ठेवलं. "आंटी, यू सिक आह?"

घरी येऊन भाचीला हसून जवळ बोलावलं, तर ती सोफ्यामागे. "आत्या, डोन्ट स्माइल लाह! सो स्केरी!"

*

शेवटी मी भांडून नियम बदलून घेतला. आधी फासा. त्यात आपला बोलण्याचा आकडा मिळवायचा. काय बोललात ते नंतर, कसंही असो.

त्याच शनिवारी घुम्या राणीच्या कैदेत सापडला. केतकी राणीशी इतकं गोड बोलली, की साखर लाजेल. पण फासा आधीच पडला होता दोन; बोलण्याचे तीन धरून पाच. मनोज म्हणाला, "राणीला नुसतं गुरगुरणं ऐकू आलं. उडवा याचं डोकं!"

खोटं कशाला सांगू, मला गारगार वाटलं.

पण केतकीने घुम्याच्या आकड्यांचा कागद उलटा ठेवला. दीड वर्ष ती तो राक्षस खेळत होती. समीर हळूच म्हणाला, "ताई, मधुवंती बोलू शकते." मी हात मांडीवरच ठेवला.

"ताई, टाका ना," केतकी म्हणाली. आवाजात काही गोड नव्हतं.

टाकला. वीस!

मनोज उभाच राहिला. "राणी विरघळली! घुम्या सुटला! पण ताई, बोललीस काय, ते तर सांग."

तिघं माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी म्हटलं, "सोडा त्याला. घरचा आहे तो आमच्या. त्याला शिव्या घालायच्या तर मी घालीन."

मग मनोजने टेबलावर थाप मारली.

"वा केतकी! काय नणंद मिळालीय तुला!"