चुन्याचा ठिपका लावलेला दाणा
नागलीच्या पिठाचा डबा उघडला की मला साखरशेतचं आमचं सारवलेलं अंगण आठवतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकावर चिडले होते. एकमेकांवर आदळणारे असंख्य कण असले की एकेकाचा मार्ग मांडता येत नाही, सगळ्यांची मिळून सरासरी काढायची, असं त्यात लिहिलं होतं. मला ते पटेना. आई अंगणात नागली पाखडत होती. मी एका दाण्याला चुन्याचा ठिपका लावला, तिच्या सुपात टाकला आणि वही घेऊन समोर बसले. तिसऱ्या झटक्यालाच माझा पांढरा दाणा त्या तांबड्या गर्दीत गडप झाला. आई हसली. "एकाच दान्याला काय बघतेस? कान दे. भुसा असला की सूप खरखरतं, साफ झालं की सळसळतं." ती स्वतः सुपाकडे बघतही नव्हती. भुशाचा उबट वास नाकात भरला होता. मी हिरमुसून वही मिटली. संध्याकाळी नागली कणगीत ओतून झाल्यावर तिनं माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. ठिपका अर्धा पुसला गेला होता. "घे तुझा दाना. रुसून बसलीस ना." आता मी कॉलेजात तेच गणित शिकवते. असंख्य कणांतला एखादा काढून घेतला तरी सरासरीला काही फरक पडत नाही, हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवते. आई गेल्यापासून मात्र त्या ओळीपाशी माझा खडू थांबतो.